मामा खुशाल असल्याला एकच आधार

गणपत गल्ली, बेळगाव
मंगळवार, ८ मार्च १९३८

तीर्थस्वरूप सौ. राजामामींच्या पायाशी, त्यांच्याच हातच्या भाकरीवर वाढलेल्या रघूचा डोकं टेकून नमस्कार.

वरचा 'सौ.' ठळक दिसावा म्हणून मी टाक दोनदा दौतीत बुडवून काढला आहे. गेल्या शुक्रवारी आम्ही तो सगळ्या जिल्ह्यादेखत तुमच्याकडून काढून घेतला होता, तेव्हा परत करताना जरा भरघोस करावा असं वाटलं. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायला तोंड नाही, तरी विचारतो. गुडघा काय म्हणतो? म्हैस व्याली का? आणि माझ्यावरचा राग किती आहे? पायलीभर असेल तर एकटा सोसेन. गाडीभर असेल तर निम्मा आमच्या संपादकांच्या नावानं पाठवा, कारण या प्रकरणात त्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यांची पाठही माझ्यापेक्षा रुंद आहे.

मामा इथे माझ्या खोलीवर सुखरूप आहेत, हे सगळ्यात आधी सांगतो. ते बोरगावहून परस्पर बेळगावला आले हे नागोजीनं तुम्हाला सांगितलं असेलच. रागानं भूक मरते म्हणतात, पण मामांची भूक रागावर पोसते आहे (आधार: मी स्वतः, आणि खानावळीच्या रुक्माबाई, ज्या परवापासून भाकरीची टोपली आमच्यापासून लांब ठेवू लागल्या आहेत). रुक्माबाईंच्या आमटीला तुमच्या आमटीची सर नाही असं मामा दर घासाला सांगतात आणि पुन्हा वाटी पुढे करतात. खरं तर मी तार करणार होतो. पण निपाणीत तार आली की लोक आधी रडतात आणि मग ती फोडतात, आणि आपल्या घरानं यंदाच्या वर्षाचं रडणं मार्चातच उरकलेलं आहे. म्हणून हे पत्र.

आता झालेलं क्रमानं सांगतो. त्यातलं निम्मं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला निपाणीकडची बाजू ठाऊक आणि मला बेळगावची, आणि दोन्ही बाजू एका जागी नसल्या की काय होतं ते आपण नुकतंच पाहिलं. शिवाय क्रमानं सांगायची खोड मला आमच्या 'पडताळा' साप्ताहिकात लागली आहे. संपादक उपेंद्रअण्णांना तुम्ही एकदा पाहिलं आहे. गेल्या वर्षी माझ्याबरोबर आपल्याकडे जेवायला आले होते, आणि पिठल्यात मीठ पडलं आहे का हे दोघांना विचारून मगच जेवायला बसले होते, ते. पूर्वी वकिली करत. कोर्टात दोन्ही बाजू शपथेवर खोटं बोलतात आणि त्यातलं बरं खोटं निवडायचा पगार न्यायाधीशाला मिळतो, असं म्हणून त्यांनी काळा कोट खुंटीला टांगला आणि वर्तमानपत्र काढलं.

आपल्या भागात बातमी कशी पळते ते तुम्ही जाणता. सांबऱ्यात कुणाची शेळी मेली तर शहापुरात येईतो ती म्हैस होते, आणि खडेबाजार ओलांडेपर्यंत म्हशीचा मालकच दगावलेला असतो. अण्णांनी यावर तोड काढली. आमच्या अंकात प्रत्येक बातमीखाली 'आधार' म्हणून एक ओळ असते, आणि ही बातमी आम्हाला कुणी सांगितली, त्यानं स्वतः पाहिलं की नुसतं ऐकलं, आणि आम्हाला काय काय कळलेलं नाही, ते सगळं तिथं छापलेलं असतं. 'संकेश्वरजवळ उसात बिबळ्या दिसला. आधार: एक इसम. बिबळ्या होता की कुत्रा, याविषयी त्याची स्वतःचीच खात्री नाही.' पहिले सहा महिने लोक हसले. मग हळूहळू बाजारात एक सवय पडली. कुणी काही मोठं सांगू लागला की ऐकणारा विचारतो, "पडताळ्यात आलंय व्हय?" आलं असेल तर वाद मिटतो. दोन माणसांच्या आधाराशिवाय आम्ही छापत नाही, आणि छापखान्यातल्या कुणाच्या नातेवाइकाची बातमी असेल तर त्याचा स्वतःचा शब्द धरत नाही, हे नियम लोकांना माझ्यापेक्षा पाठ आहेत. आणि शेवटचा नियम असा की आमची चूक झाली तर ती पहिल्या पानावर, बातमीइतक्याच मोठ्या अक्षरांच्या खिळ्यांत, कशी झाली आणि का झाली यासकट छापायची. चुकलो की आपण होऊन सांगतो, एवढ्या एका गोष्टीवर लोक आपला अंक घेतात, असं अण्णा म्हणतात. मला हे नियम फार आवडायचे. मामा मरेपर्यंत आवडायचे.

गेल्या मंगळवारी तुमचं कार्ड आलं. वर 'श्री' नाही, म्हणजे अशुभाचं कार्ड, हे पाहताच कळलं. खाली तुमचं ते वळणदार अक्षर: 'मालक सोमवारी एकाएकी गेले. सगळं आटोपलं. कुणी धावत येऊ नये, दहाव्याला या.' मामी, मी दारातच मटकन बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. मामांनी मला खांद्यावर घेऊन अर्जुनी नाक्यापर्यंत नेलेलं आठवलं, मॅट्रिकला नापास झालो तेव्हा ते एक अक्षर न बोलता पेढे घेऊन आले होते ते आठवलं, आणि मी आणखी रडलो. मग रीतीप्रमाणे ते अशुभ पत्र घरात नको म्हणून बारीक फाडून गटाराच्या कडेला टाकलं, नळाखाली डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी छापखान्यात गेलो. अण्णांनी मला जवळ घेतलं. त्यांचेही डोळे भरले (पिठल्याची त्यांना आठवण होती). बराच वेळ पाठीवरून हात फिरवला आणि मग अगदी मायेनं विचारलं, "पत्र कुठं आहे, रघुवीर? आधाराला लागेल."

मी सांगितलं, फाडलं. अण्णांचा हात पाठीवर थांबला. मग जिल्ह्यातल्या सर्वांत भरवशाच्या साप्ताहिकाचा संपादक आणि त्याचा सुतकी उपसंपादक गटाराच्या कडेला उकिडवे बसून मामांच्या मरणाचे तुकडे वेचत होते. येणारे-जाणारे विचारत होते, काय हरवलं? मी सांगत होतो, मामा. ते तुकडे खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवून वाळत घातले. एक आधार झाला. दुसरा बुधवारी आपोआप आला. आमच्या अक्काताईचं संकेश्वराहून कार्ड: 'रघू, आपला मामा गेला रे, आता आजोळ संपलं.' मी पुन्हा रडलो. ते कार्ड मात्र अण्णांनी माझ्या हाती फार वेळ राहू दिलं नाही.

गुरुवारी सकाळी अंक यंत्रावर चढायच्या आधी तुमचं दुसरं कार्ड आलं. वर मोठ्ठा 'श्री'. 'आम्ही सर्व खुशाल आहोत. मागचं पत्र मनाला लावून घेऊ नये. मालक बोरगावला तंबाखू बघायला गेले आहेत.' मामी, ते वाचलं आणि मी छापखान्यात दोन हात वर करून ओरडलो, "कावळा!" खिळे जुळवणारा आण्णाप्पा दचकला आणि त्याच्या हातून जुळवलेली अर्धी जाहिरात सांडली. पण मला सगळं लख्ख दिसलं. मामांच्या डोक्यावर कावळा बसला असणार. ज्याच्या डोक्यावर कावळा बसतो त्याचं मरण जवळ आलं म्हणतात, आणि त्यावर आपल्याकडे एकच उतारा: तो मेला असं जिव्हाळ्याच्या माणसांना कळवायचं, त्यांनी खरोखर रडायचं, म्हणजे मरण झालं असं धरलं जातं आणि टळतं. मग दुसऱ्या पत्रानं खुशाली कळवायची. माझ्या आजीच्या वेळी हेच झालं होतं, आणि त्यानंतर ती वीस वर्षं जगली, सगळ्यांना दमात घेऊन जगली. पहिल्याच पत्राला मला हे ओळखता आलं असतं. पण मामा पडले निपाणीच्या सुविचार मंडळाचे अध्यक्ष. मांजर, घुबड आणि अमावास्या यांच्या खोट्या भीतीवर दर महिन्याला व्याख्यान देणाऱ्या माणसाच्या घरात कावळ्याचं इतकं चालत असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. (रागावू नका. त्यांच्या व्याख्यानाला पाणी भरलेला तांब्या झाकून ठेवणाऱ्या तुम्हीच, आणि परत आल्यावर दृष्ट काढणाऱ्याही तुम्हीच, हे मला माहीत आहे.)

मी अण्णांकडे धावलो आणि म्हटलं, बातमी काढा, मामा जिवंत आहेत. अण्णांनी चष्मा लावून दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि कोर्टातल्या आवाजात सुरू झाले. मारुतीराव गेले याला आधार दोन: पत्नी आणि भाची. ते आहेत याला आधार एक, आणि तो कुणाचा? ते गेले असं जिनं लिहिलं तिचाच. एकच साक्षीदार मंगळवारी एक सांगतो आणि गुरुवारी दुसरं, तेव्हा त्यातलं आपल्याला आवडतं ते निवडायचं का? मी म्हटलं, अहो, कावळा! ते म्हणाले, कावळा कुणी पाहिला? मी म्हटलं, मी सांगतो ना, मी त्यांचा सख्खा भाचा. झालं. तिथंच मी घसरलो. अण्णांनी माझ्याकडे अत्यंत प्रेमानं पाहिलं आणि भिंतीवर चिकटवलेल्या नियमाकडे बोट केलं. छापखान्यातल्या नातेवाइकाचा शब्द धरायचा नाही. निपाणीला माणूस पाठवावा तर तो संध्याकाळच्या मोटारीनं परत येणार, आणि अंक दुपारीच यंत्रावर चढायचा होता. बरं, अण्णांच्याही मनात पाल चुकचुकलेली होती. म्हणून त्यांनी सर्वांना न्याय मिळेल असा तोडगा काढला, आणि शुक्रवारी 'पडताळ्या'च्या दुसऱ्या पानावर हे छापून आलं:

'निपाणीचे तंबाखूचे व्यापारी व सुविचार मंडळाचे अध्यक्ष श्री. मारुतीराव निकम यांचे सोमवारी आकस्मिक निधन झाले. आधार: पत्नीचे सहीचे पत्र (फाटलेले, जोडून घेतले) व भाचीचे पत्र. मृत गृहस्थ खुशाल असून बोरगावला तंबाखू बघण्यास गेल्याची एक वार्ता आमच्याकडे आली आहे. तिला दुसरा आधार मिळालेला नाही.'

मामी, मी हे छापू दिलं. मला खात्री होती की मामा जिवंत आहेत, आणि तरी मी प्रूफ तपासून, एक वेलांटी दुरुस्त करून, ते परत दिलं. नियमापुढे मी गप्प बसलो. मनात म्हटलं, एवढं काय, शनिवारी संध्याकाळी जाऊन मामांना अंक दाखवू आणि हसू. त्या अंकाचं निपाणीत काय होईल याचा मी विचारच केला नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

पुढचं नागोजीनं बोरगावला जाऊन मामांना सांगितलं आणि मामांनी मला, तेव्हा हा तिसऱ्या तोंडाचा वृत्तान्त आहे. शनिवारी सकाळी अंक निपाणीत पोचला आणि आपल्या दारात माणसं जमली. मंडळानं शोकसभा ठरवली. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून सांगत होता की अहो, ते बोरगावला गेलेत, तंबाखू बघायला, येतील उद्या. आणि लोक एकमेकांकडे बघून माना हलवत होते. मारुती गेला आणि बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. एक जण तर अंक दाखवून म्हणाला म्हणे, "वहिनी, पडताळ्यातच आलंय की, तुम्ही बोरगाव म्हणाल असं बी लिवलंय." आम्ही इतकी वर्षं लोकांना शिकवलं, बाजारगप्पांवर विश्वास ठेवू नका, पडताळ्यावर ठेवा. लोक शिकले. इतके शिकले की नवरा जिवंत आहे असं सांगणाऱ्या बायकोपेक्षा त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला. शेवटी नागोजी, मामा नक्की कुठं गेले, म्हणजे कुठल्या गावात मेले, याची चौकशी करायला बोरगावला गेला, आणि तिथं मामा एका शेतकऱ्याशी पानाच्या रंगावरून भांडत उभे होते. नागोजी पहिल्यांदा त्यांच्या पायांकडे बघत राहिला, सरळ आहेत की उलटे. सुविचार मंडळाचा चिटणीस आहे तो.

शनिवारी संध्याकाळी मी पिशवी भरत होतो तोच छापखान्यातून बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर मामा. हातात अंकाची सुरळी, चेहरा लाल. "कोन हाय रं संपादक? म्या मेलोय न्हवं, मग पिंड ठेवा म्हनावं, म्या खातो!" अण्णा उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग (मामी, मी त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते) विचारलं की आपण मारुतीराव निकम आहात याला आधार? मी पुढे झालो, तर म्हणाले, तू नव्हे. मामांनी ते काय म्हणतात याचा अर्थ लावेपर्यंत अण्णांनी मोटारीच्या कंडक्टरला, भावकूला, रस्त्यावरून बोलावून घेतलं. भावकूनं नीट निरखून साक्ष दिली, "ह्येच त्ये. निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली तवा उपरन्यात त्वांड घालून बसलते. म्या वळखलं, पर म्हटलं, मेलेल्या मानसाशी कशाला बोला." अण्णांनी ते लिहून घेतलं आणि मग मामांच्या पुढे हात जोडले. म्हणाले, चूक आमची आहे, आणि पुढच्या शुक्रवारी ती पहिल्या पानावर छापू.

इथं मामा जरा निवले. रुक्माबाईंकडे जेवून आल्यावर आणखी निवले. पण दुरुस्ती कशी छापायची यावरून पुन्हा पेटलं. मामांचं म्हणणं, 'खिळ्यांच्या चुकीने' एवढं लिहावं आणि मोकळं व्हावं. त्यावर आण्णाप्पा आतून तरातरा बाहेर आला. खिळ्याची चूक झाली तर अक्षर बदलतंय, अख्खा मानूस मरत न्हाय, माझ्या नावावर हे मढं टाकू नका, म्हणाला. अण्णाही म्हणाले की खोटी कारणं देऊन दुरुस्ती करायची तर ती दुसरी चूक. लोकांना कसं आणि का हे दोन्ही सांगायचं आपण कबूल केलं आहे. पहिलं पत्र का आलं, हे सांगावं लागेल. तेव्हा रागाच्या भरात मामा बोलून गेले, "का म्हंजे? सोमवारी सकाळी वखारीच्या दारात कावळा डोस्क्यावर बसला. म्या हिला हसून सांगितलं आनि बोरगावला गेलो. हिनं माघारी पत्रं टाकून मला मारलं. मला इचारलं बी न्हाय!" अण्णांनी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

रविवार गेला. काल सोमवारी मामांनी ते उतरवलेलं वाचायला मागितलं. वाचलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की शुक्रवारी पहिल्या पानावर, मोठ्या खिळ्यांत, काय येणार आहे. निपाणीच्या सुविचार मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी राजाबाई यांनी कावळ्याला भिऊन खोटी पत्रं पाठवली. म्हणजे ज्यांनी तुम्हाला शनिवारी वेडी ठरवलं तेच शुक्रवारी तुम्हाला हसणार, आणि त्या हसण्याला पडताळ्याचा आधार असणार. मामांनी कागद घडी करून परत दिला. दुपारी दोनच भाकरी खाल्ल्या. रुक्माबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की मामांना बरं नाही का. चार वाजता ते उठले, टोपी नीट केली, छापखान्यात गेले आणि अण्णांना म्हणाले की आधीचं खोडा, ते रागात बोललो. कावळा बसला तेव्हा मीच भ्यालो. घरात गेलो आणि हिला म्हटलं, पत्रं टाक. ती नको म्हणत होती. मी बळं लिहायला लावलं. माझं नाव घालून छापा, अध्यक्ष हा शब्दसुद्धा घाला.

मामी, ज्या माणसानं सुविचार मंडळासाठी गावातल्या चार मोठ्या घरांशी वैर घेतलं, तो आपण कावळ्याला भ्यालो असं छापा म्हणून मागे लागला होता. मला त्या क्षणी मामांविषयी इतकं भरून आलं की मी उगीचच शाईचा डबा हलवत बसलो. अण्णांनी दोन्ही जबान्या समोर ठेवल्या आणि विचारलं, यातली खरी कुठली? मामा म्हणाले, "दोन्ही." अण्णा म्हणाले, दुसऱ्या जबानीला दुसरा आधार लागेल.

तर असं आहे सगळं. घरातल्या सर्वांना माझा नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद सांगा. गुडघ्याला निर्गुडीचा शेक चालू ठेवा. वरची पानं वाचून झाल्यावर हे पत्र फाडू नका, अशुभ नाही. तुमचा आणि फक्त तुमचाच अपराधी भाचा,

रघुवीर

ता. क. : मुख्य काम लिहायचं राहिलं. वर जो दुसरा आधार म्हटला तो तुमचा. पत्रं मामांनी लिहायला लावली की तुम्ही आपणहून लिहिली, हे दोन ओळींत लिहून, खाली सही करून, गुरुवारी पहाटेच्या मोटारीनं भावकूच्या हाती द्या. अंक दुपारी यंत्रावर चढतो.

दुसरा ता. क. : मामांनी आत्ताच मला हळूच सांगितलं की तुम्ही काय लिहायचं तेही मी या पत्रात घालावं: 'मालकांनी सांगितले म्हणून लिहिले.' मी घातलं. पण त्याबरोबर हेही घालतो की मला मामांचा शब्द खरा वाटत नाही. तुम्ही खरं लिहिलंत तर मेलेला माणूस जिवंत होऊन खोटारडा ठरेल. तुम्ही त्यांचं म्हणणं उचलून धरलंत तर पडताळ्यात पहिल्यांदाच एक खोटी गोष्ट जाणूनबुजून दोन आधारांनिशी छापली जाईल. काय लिहावं हे मी सांगत नाही. मी नातेवाईक आहे, माझा शब्द धरत नाहीत, आणि आज प्रथमच मला त्याचं बरं वाटतं आहे.

तिसरा ता. क. : वर मागितलेली सहीची चिठ्ठी पाठवू नका. बातमीसंबंधी कुठलंही पत्र इथून दुसऱ्यानं वाचल्याशिवाय जात नाही, म्हणून हे अण्णांना वाचायला दिलं. तुम्ही उंबऱ्यात उभ्या राहून सांगत होता आणि लोक माना हलवत होते, त्या मजकुरापाशी ते थांबले. तो दोनदा वाचला. मला म्हणाले, हे मला आधी का सांगितलं नाहीस? मग आत जाऊन आण्णाप्पाला बाजूला सारून स्वतः खिळे जुळवायला बसले. पहिल्या पानाचं प्रूफ माझ्यासमोर आहे, ते उतरवतो:

'निपाणीचे श्री. मारुतीराव निकम जिवंत आहेत. आधार: ते आमच्या कचेरीत बसले आहेत; कोणीही येऊन पाहावे. आमची चूक: एकाच घरातून निघालेल्या वार्तेची दोन पत्रे आम्ही दोन आधार म्हणून धरली. ते खुशाल असल्याचे पत्र वेळेवर आले असता ते अपुरे ठरवले व अंक थांबवला नाही. यामुळे सौ. राजाबाई निकम खरे सांगत असता त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, याबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागतो. पहिले पत्र का आले हे आम्हांस ठाऊक आहे. ते एका घरातले आहे, म्हणून छापीत नाही. व छापीत नाही हे येथे सांगत आहोत.'

मामांना वाचून दाखवलं. 'सौ.' वर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो जरा मोठ्या खिळ्यात घाला." अण्णांनी घातला.

चौथा आणि शेवटचा : पाकीट बंद करत होतो तेवढ्यात मामा माझ्या मागं येऊन उभे राहिले. इकडचं तिकडचं बोलले, मोटार कधी सुटते ते विचारलं, आणि मग भिंतीकडे बघत म्हणाले, "रघू, त्ये पयलं पत्र लिवताना ती रडली असंल का रं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं ते अंक घेऊन घरी येतील. मला कळवू नका मामी. त्यांनाच सांगा.